चोरखिसा

इंदूरच्या राजवाड्यामागच्या टेलरकडे परवा दुपारी पँट शिवायला टाकली. पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंय. "कमरपट्टीला आतून चोरखिसा लावा," म्हटलं, तर त्याने गळ्यातला टेप काढून माझ्याकडे पाहिलं. "चोर जेब? अब कौन लगवाता है, भिया? फोन है ना!"

आहे ना फोन. पण चोराला सापडू नये म्हणून शिवलेल्या खिशाला चोराचंच नाव का, हे कोडं लहानपणापासूनचं आहे. फोनने ते काही सुटलेलं नाही.

प्रवासात आजीचे पैसे तीन ठिकाणी असत. सुटे हातातल्या पिशवीत, नोटा कनवटीला, आणि तिसरी जागा कुणाला सांगायची नाही. नवऱ्यालाही नाही. अकोल्याहून मीटरगेजने परतताना गाडी कालाकुंडला थांबायची. पुढे पाताळपाणीचा घाट, तो चढायला जादा इंजिन लागायचं. खिडकीशी कलाकंदवाला. कलाकंद आमच्या हातात पोचलेला, सुटे संपलेले आणि आजीच्या कनवटीची गाठ सुटता सुटेना. "तिकडे डोंगर बघा रे!" ती डाफरायची. आम्ही खात खात डोंगर बघायचो.

"माँजी, इंजन लग गया!"

"लागू दे!"

शेवटी नोट निघायची. चौघडी घातलेली, घामाने मऊ, तपकिरीच्या वासाची. कलाकंदवाला ती दोन बोटांच्या चिमटीत धरायचा.

यूपीआय 2016 साली आलं. माझ्या फोनला जोडलेलं खातं वेगळंच आहे, त्यात प्रवासापुरते पाच हजार. मोठ्या खात्याचा फोनला पत्ताच नाही. बायको हसते. हसू दे. पिन टाकताना मी अजून भिंतीकडे तोंड करतो. सराफ्यात रात्रीच्या खाऊगल्लीच्या गर्दीत तळलेले गराडू खाऊन झाले, की फोनवर ते चक्र गरगरत बसतं, मागचे लोक खाकरायला लागतात, आणि कमरेशी घडी घातलेली पाचशेची नोट असली की जिवाला बरं वाटतं. फक्त ती काढायची कशी, चारचौघांत?

टेलरने कुरकुरत का होईना, खिसा लावून दिला.

आजी गेली तेव्हा पिशवी मिळाली, कनवटीचेही मिळाले. तिसरी जागा आई अजून शोधते. ट्रंकेचं अस्तर उसवून झालं, दोन गोधड्या उसवून झाल्या. आजोबा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, तिसरी नव्हतीच.