कमरेचा पट्टा

पँट घसरू नये एवढ्यासाठी मी ऑफिसला जाताना पट्टा लावतो. त्यापलीकडे त्याचं कौतुक नाही. ज्युदोचा पट्टा मात्र जीव की प्राण! त्याला बकल नसतं. कमरेभोवती दोन वेढे, पुढे गाठ, आणि झटापटीत ती हमखास सुटते. काळा पट्टा ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८०च्या दशकात आणला. तोच शेवटचा असं लोक समजतात, पण नवव्या-दहाव्या ‘दान’चे, म्हणजे श्रेणीचे, गुरू लाल पट्टा बांधू शकतात.

लष्करातला माझा आवडता सॅम ब्राउन पट्टा. १८५८मध्ये या ब्रिटिश अधिकाऱ्याचा डावा हात गेला. एका हाताने म्यान सावरणार कसं? म्हणून खांद्यावरून तिरपा पट्टा आला. पुढे दोन्ही हात धड असलेल्यांनीही तो ऐटीत मिरवला.