गॅस पूर्ण, कॉइल गार, तरी व्हेंटमधून कोमट वारा: लालीचं दुखणं सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं! कंडेन्सर नवा, ड्रायर नवा, गॅस वजन करून भरलेला, आणि तरीही लालीच्या, म्हणजे माझ्या गाडीच्या, व्हेंटमधून जो कोमट वारा येत होता त्यात एसीचा काडीचाही दोष नव्हता. एसी आपलं काम चोख करत होता. त्यानं केलेला गारवा डॅशच्या पोटातच जिरत होता.

मागच्या नोंदीतले आकडे पुन्हा देतो, कारण कोडं त्यातच होतं. बाहेर ४३ अंश, बॉनेट उघडं, इंजिन १५०० आरपीएमवर, रीसर्क्युलेशन चालू, ब्लोअर तिसऱ्यावर. गॅसचा दाब लो साइडला (कॉइलकडून परत येताना) ३६ पीएसआय, हाय साइडला (कॉम्प्रेसरमधून दाबून निघताना) २५५. नागपूरच्या मे महिन्यात एवढे सरळ आकडे पाहून कुठलाही एसीवाला गेज काढून ठेवेल. आर-१३४ए गॅस ३६ पीएसआयला साधारण ५ अंशांवर उकळतो, म्हणजे कूलिंग कॉइल आतून मस्त थंड. फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) येणाऱ्या जाड पाइपला तापमानाचा प्रोब बांधला तर ८ अंश. पाइपवर घामाचे टपोरे थेंब. आणि मधल्या व्हेंटमध्ये प्रोब खोचला की २१!

मोजमापाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. लांबून तापमान वाचणाऱ्या इन्फ्रारेड गनवर अनेकांचा फार विश्वास असतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमच्या पाइपवर ती सपशेल खोटं बोलते. धातू आजूबाजूच्या इंजिनाची उष्णताच परावर्तित करतो आणि गन तीच वाचते. पाइपवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून मग गन रोखली तर आकडा बराच जागेवर येतो. माझं मत विचाराल तर वायरचा साधा डिजिटल प्रोब घ्या. किमतीत मामुली आहे आणि व्हेंटमध्ये खोचून गाडी चालवता येते. या शोधात सगळ्यात जास्त कामाला तोच आला.

आता संशयितांकडे. ज्याला विचाराल तो म्हणतो, "भाऊ, गॅस कमी आहे, टॉप-अप मारून देतो." बॉनेटखाली स्टिकर आहे, त्यावर ग्रॅम छापलेले आहेत, काट्यावर तोलून तेवढाच गॅस आत गेलाय. त्यावर नुसतं गेज बघून आणखी मारला की हाय साइड चढते आणि असलेला गारवाही जातो. उन्हाळ्यात शहरभर चालणाऱ्या या टॉप-अपच्या धंद्याचा मला मनापासून राग येतो.

दुसरा संशय ओलाव्यावर होता. सिस्टिममध्ये पाण्याचा अंश राहिला तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बारीक छिद्रात बर्फ धरतो. सुरुवातीला हवा गार, मग गरम, गाडी थोडी थांबवली की पुन्हा गार. लालीची लक्षणं वरवर हुबेहूब हीच. पण व्हॉल्व्ह गोठला की लो साइडचा काटा खाली कोसळतो, व्हॅक्यूमकडे जातो. माझा काटा ३६ वरून हलायलाच तयार नव्हता. शिवाय पंप लावून व्हॅक्यूम चांगला तासभर धरून ठेवला होता, सुई जागची हलली नव्हती. एसी कॉम्प्रेसरच्या क्लचवर तिसरा संशय: गॅप वाढलेला असला तर तापल्यावर क्लच सुटतो. तेही नाही. वारा कोमट झाल्यावरही पुली आणि प्लेट एकसाथ फिरताना दिसत होत्या.

धागा हाती लागला तो सकाळच्या फेरीत. प्रोब व्हेंटमध्ये खोचूनच घरातून निघालो. इंजिन थंड. वर्धा रोडला लागेपर्यंत व्हेंटचं तापमान १० पर्यंत उतरलं, इतकं छान की खिडकीच्या काचेला हात लावून पाहिला. मग टेंपरेचरचा काटा हळूहळू मध्याकडे सरकायला लागला आणि त्याच्या मागोमाग प्रोबचा आकडाही वर चढू लागला. १२, १५, १८. इंजिनाचा काटा मध्यावर स्थिरावला आणि प्रोब २१ वर. गॅसचा बिघाड असा इंजिनच्या पाण्याच्या मागे मागे चालत नाही. गरमी कुलंटमधून येत होती.

घरी आल्यावर थेट हीटरचे होज. या गाडीत हीटर कॉइलमधून गरम कुलंट बारा महिने फिरतं, त्याला कॉक नाही. गारवा आणि गरमी यांचं प्रमाण ठरतं ते फक्त डॅशमधल्या मिक्स फ्लॅपनं. आत जाणारा होज रुंद, गुळगुळीत जबड्यांच्या क्लॅम्पनं दाबून बंद केला. (जुन्या रबरावर दातेरी पाना कधीही लावू नका, आतून चिरतो आणि नंतर भर रस्त्यात फाटतो.) एसी चालूच. आकडा उतरायला लागला, १९, १६, १३... आणि ९.५ वर येऊन थांबला. क्लॅम्प काढला, पुन्हा २१ कडे. लावला, पुन्हा खाली. हा खेळ मी मुद्दाम परत परत केला. इतक्या महिन्यांनी लालीत बसून अंगावर गार वारा घेतला त्याचं सुख शब्दांत येणार नाही.

मग फ्लॅप. लिव्हर पूर्ण निळ्याकडे, केबल ताठ, बाहेरचा दांडा शेवटपर्यंत जाऊन टेकतो. बाहेरून सगळं ठीक. पायाकडच्या व्हेंटमधून मोबाइलला जोडायचा तो लवचिक कॅमेरा वर सरकवला. फ्लॅपच्या कडेला जी फोमची पट्टी असते ती एका बाजूनं पार झडून गेलीय, दुसऱ्या बाजूला काळं, चिकट, भुसभुशीत असं काहीतरी लोंबतंय. ब्लोअर चौथ्यावर टाकला की डॅशवर काळा भुगा पडायचा, मागे त्याचा फोटो टाकला होता. तो याच पट्टीचा.

एवढ्याशा फटीनं इतका फरक पडतो का, हे हिशेबानं पाहिलं. कॉइलवरून ९ अंशांची हवा येते. तिच्यातला शंभरातला १५-१६ भाग जरी फटीतून हीटर कॉइलवर जाऊन ८० अंशांपर्यंत तापून परत मिसळला, तरी मिश्रण २० च्या घरात जातं. माझ्या २१ शी नीट जुळतं.

पहिला बेत असा की अख्खा डॅश उतरवून फोम नवा करायचा. पण नवतपा तोंडावर आलाय आणि गाडी रोज लागते. शिवाय नीट पाहिल्यावर लक्षात आलं की या गाडीत कूलिंग कॉइलचा डबा वेगळा आहे. ग्लव्ह बॉक्स काढून तो डबा बाहेर घेतला की हीटरच्या डब्याचं तोंड उघडं पडतं आणि हात थेट फ्लॅपपर्यंत जातो, डॅशला धक्का नाही. अडचण एवढीच की डबा काढायचा तर गॅस रिकामा करावा लागतो. अर्धा किलोच्या आसपास असलेला हा गॅस हवेत सोडून देणं मला मंजूर नाही. आर-१३४ए ची वातावरण तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरतात, म्हणजे तेवढ्यानं सातशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान. रिकव्हरी मशीनवाल्याकडेच काढून घेणार, आणि ते पावसाळा लागल्यावर.

तोवरची सोय म्हणून दोन्ही होज फायरवॉलपाशी यू पाइपनं एकमेकांना जोडून टाकलेत. हीटर कॉइल बाजूला पडलीय, कुलंट मात्र फिरतंय. भर दुपारी व्हेंट ९ ते १०. उन्हाळाभर एवढं पुरे.

पण कायमचं असं ठेवणार नाही. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात काच धुक्यानं भरते तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही लागतात. एसी ओलावा काढतो, हीटर काच कोरडी करतो. म्हणून होजमध्ये हीटर व्हॉल्व्ह टाकायचं ठरवलं आणि भाच्याला पुण्यात नाना पेठेत चौकशीला पाठवलं. त्यानं दोन तोंडांचा साधा व्हॉल्व्ह मिळतो असं कळवलं, मी हो म्हणणारही होतो. आता हे लिहिता लिहिता विचार बदलतोय. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारा व्हॉल्व्ह) बंद असताना काही इंजिनांत कुलंटला फिरायला हीटरचीच वाट असते. दोन तोंडांचा व्हॉल्व्ह ती वाटच बंद करतो. चार तोंडांचा असला तर हीटर बंद केल्यावर तो कुलंट तिथल्या तिथे परत वळवतो, आत्ताच्या माझ्या यू पाइपसारखाच. महाग पडला तरी चालेल, चार तोंडांचाच घेणार. पेट्रोल इंजिन आहे, म्हणजे इंजिनच्या ओढीवर, व्हॅक्यूमवर चालणाराही बसवता येईल. पण मला केबलचा आवडेल, तापमानाच्या लिव्हरलाच दुसरी केबल जोडायला जागा दिसतेय. दोन्ही केबल एकाच लिव्हरवर ओढल्या तर लिव्हर जड होईल का, हे मात्र बसवून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

राहिला फोम. बाजारातला दारे-खिडक्यांचा स्पंज चालणार नाही, तो पाणी धरतो आणि उष्णतेनं पुन्हा भुगा होतो. बंद छिद्रांचा ईपीडीएम किंवा निओप्रीन रबराचा फोम हवा, आणि गोंद ८०-९० अंशांना सुटणारा नको. जाडी किती घ्यावी यावर अडलोय: ३ मिमी पट्टीनं फट बुजेल असं वाटत नाही, ६ मिमी घेतली तर फ्लॅप शेवटपर्यंत टेकणार नाही अशी भीती आहे. ज्यांनी आपल्या गाडीचा फ्लॅप असा मढवलाय त्यांनी जाडी आणि गोंद दोन्ही कळवा. डबा उघडायच्या आधी पट्टी कापून तयार ठेवायची आहे.