हिंट: नेहमीचाच

ताईचा फोन आला की बाबांचा जुना डेस्कटॉप आता काढून टाकायचाय, पण त्यातले फोटो आधी पाहिजेत आणि ते मशीन पासवर्ड मागतंय. म्हटलं बाबांना विचार ना. तर म्हणे विचारलं, ते म्हणतात नेहमीचाच आहे. स्क्रीनवरच्या त्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं तर हिंटमध्ये पण तेच लिहिलेलं, नेहमीचाच. आता नेहमीचा म्हणजे कुठला हे बाबांनाच आठवेना, कारण मशीन शेवटचं चालू करूनच आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका दुरुस्तीवाल्याने बघून लगेच सांगितलं की फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून. असं कोणी म्हणालं की मशीन उचलून घरी आणायचं, हा माझा साधा नियम आहे.

विंडोज एक्सपी होतं. २००१ साली आलेलं, मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला सपोर्ट बंद केला, पण कपाटात, माळ्यावर अशी मशीन अजून कितीतरी पडलेली असतात आणि त्यात घरादाराचे फोटो असतात.

आधी फुकटचे उपाय. कॅप्स लॉक बघायचा. जुन्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला असेल तर काही अक्षरांच्या जागी आकडे पडतात आणि पडद्यावर तर नुसते ठिपके, कळणार कसं. कीबोर्डचा लेआउट अमेरिकनचा ब्रिटिश झालेला असेल तर अ‍ॅट आणि डबल कोट या दोन खुणांची अदलाबदल होते, म्हणजे पासवर्ड बरोबर असून चूक ठरतो, आणि माणूस स्वतःच्या आठवणीवर संशय घेत बसतो. घरच्या एक्सपीवर चुकीचा पासवर्ड कितीही वेळा टाकला तरी खातं लॉक होत नाही, त्यामुळे बाबांना शेजारी बसवून आम्ही सगळ्यांचे वाढदिवस, जुन्या गाडीचा नंबर, आईचं माहेरचं नाव, असं तासभर टाकत होतो. काही नाही.

मग लपलेलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं की एक्सपी टाकताना आपल्या खात्याशिवाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाचं अजून एक खातं आपोआप तयार होतं आणि वेलकम स्क्रीनवर ते दिसत नाही. होम एडिशन असेल तर चालू करताना एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जायचं, तिथे ते खातं दिसतं आणि कोणी मुद्दाम पासवर्ड लावला नसेल तर एंटर मारलं की आत. प्रोफेशनल असेल तर वेलकम स्क्रीनवरच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोनदा दाबायचं, जुन्या पद्धतीची लॉगिनची चौकट येते, तिथे नाव टाइप करायचं. आमचं प्रोफेशनल होतं आणि ज्याने कुणी ते इन्स्टॉल केलं होतं त्याने त्या खात्याला पासवर्ड टाकून ठेवलेला. तो माणूस कोण हे आता देवाला माहीत.

इथे बहुतेक लोक सरळ पासवर्ड उडवायला निघतात. क्रॅक करायचाही नाही, नुसता पुसायचा. पेटर नॉर्डाल-हागेन नावाच्या एका माणसाचं त्यासाठी छोटंसं टूल आहे, सीडीवरून बूट करायचं, म्हणजे विंडोज सुरू न करता मशीन सीडीवरूनच चालू करायचं, आणि खात्याचा पासवर्ड कोरा करून टाकायचा, पाच मिनिटांचं काम. मी पण तेच करणार होतो. पण सवय म्हणून आधी हार्ड डिस्क बाहेर काढली आणि यूएसबी अ‍ॅडॅप्टरने माझ्या विंडोज ७ च्या लॅपटॉपला जोडली (जुनी आयडीई डिस्क, तिला वेगळी पॉवर लागते, नुसत्या यूएसबीवर फिरत नाही).

लोकांना हे पटतच नाही, पण एक्सपीचा लॉगिन पासवर्ड म्हणजे दाराची कडी आहे, आतल्या सामानाला तो काही करत नाही, तुम्ही भिंतीतून आत गेलात तर फोटो आपले तसेच उघडे पडलेले. डिस्क दुसऱ्या कंप्युटरला लावा नाहीतर लिनक्सची लाइव्ह सीडी (इन्स्टॉल न करता सीडीवरूनच चालते ती) घालून बूट करा, कॉपी करा, झालं. बाबांचा फोल्डर प्रायव्हेट केलेला होता म्हणून आधी अ‍ॅक्सेस डिनाइड आलं, पण ओनरशिप स्वतःकडे घेतली की तेही सुटलं. चारेक हजार फोटो रात्रीतून कॉपी झाले. ताईचं काम इथेच संपलं होतं खरं तर.

पण डॉक्युमेंट्समध्ये महत्त्वाचे नावाचा एक फोल्डर होता आणि त्यातल्या फाइल्सची नावं हिरव्या रंगात. ती हिरवी नावं बघून मी जागेवर थांबलो. हिरवं म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं. प्रोफेशनलमध्ये ईएफएस म्हणून सोय होती (होममध्ये नव्हतीच), फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये एक टिक केली की आतल्या फाइल्स खरोखर कुलपात, आणि त्या कुलपाची किल्ली शेवटी त्या खात्याच्या पासवर्डवरच अडकलेली. बाबांना विचारलं तुम्ही अशी टिक केली होती का, तर म्हणाले, सिक्युअर असं काहीतरी लिहिलं होतं म्हणून केली असेल. बरोबर आहे, मी पण केली असती.

म्हणजे मी त्या टूलने पासवर्ड पुसला असता तर लॉगिन मस्त झालं असतं आणि त्या फाइल्स गेल्या असत्या. आपण स्वतः जुना पासवर्ड टाकून नवा ठेवतो तेव्हा विंडोज ती आतली किल्ली नव्या पासवर्डने परत बांधून घेतं. बाहेरून कोणी रीसेट केला, मग ते टूल असो की दुसरं अ‍ॅडमिन खातं, तर बांधायला जुना पासवर्डच हातात नसतो, किल्ली जुन्याच कुलपात राहते. विंडोज २००० मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यालाही या फाइल्स उघडता यायच्या, एक्सपीत घरच्या मशीनवर ती सोय आपोआप मिळत नाही. आणि प्रकरण फक्त ईएफएसपुरतं नाही, क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड पण याच किल्लीने बंद असतात, फायरफॉक्स स्वतःची वेगळी किल्ली ठेवतो म्हणून तो वाचतो. हे मला माझ्याच लॅपटॉपने एकदा शिकवलंय, पुढे सांगतो. कुणी आधीच रीसेट करून बसला असेल आणि नंतर जुना पासवर्ड आठवला तर तोच पासवर्ड परत ठेवून बघायचा, किल्ली पुन्हा लागते. विंडोज नव्याने टाकलं असेल तर मात्र हा उपाय नाही, आणि दुरुस्तीवाल्याचं ऐकून फॉरमॅट केलं असतं तर विषयच संपला.

मग पासवर्ड पुसायचा नाही, शोधायचा असं ठरलं. इथे मात्र एक्सपीचा कच्चेपणा आपल्या बाजूने असतो. विंडोज पासवर्ड तसाच्या तसा ठेवत नाही, त्यावरून हिशोब करून काढलेला एक सांकेतिक आकडा ठेवतं, त्याला हॅश म्हणतात. एक्सपी पासवर्डचा एलएम हॅश नावाचा जुनाट हॅश पण साठवून ठेवतो, आणि तो बनवताना सगळी अक्षरं आधी कॅपिटल करतो, मग १४ अक्षरांचे ७-७ चे दोन तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा हॅश करतो. म्हणजे तुम्ही आठ अक्षरांचा पासवर्ड ठेवला तर दुसऱ्या तुकड्यात एकच अक्षर, चोराला अर्धं काम करून दिल्यासारखं! १५ किंवा जास्त अक्षरं असतील तरच हा हॅश बनत नाही, पण घरी कोण ठेवतो एवढा मोठा. २००३ मध्ये फिलिप ओक्सलिन यांनी रेनबो टेबलची पद्धत मांडली, म्हणजे हिशोब आधीच करून टेबलात ठेवायचे आणि नंतर फक्त शोधायचं, त्यावरच ऑफक्रॅक हे फुकट टूल चालतं. डिस्कवरच्या विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग या फोल्डरमधून सॅम आणि सिस्टम या दोन फाइल उचलल्या (हॅश सॅममध्ये असतात, पण नुसती सॅम चालत नाही, तिची किल्ली सिस्टममध्ये असते), ऑफक्रॅकला दिल्या आणि चहा ठेवायला गेलो. परत आलो तर दुसरा तुकडा सापडलेला, एकच आकडा. थोड्या वेळात पहिला पण आला.

आमच्या जुन्या लँडलाइनचा नंबर. उलटा. सुलटा आम्ही तासभरात तीनदा टाकला होता.

बाबा म्हणाले, मग, मी म्हटलं होतं ना नेहमीचाच आहे!

आता माझ्या लॅपटॉपचं. रात्री उशिरा शहाणपणा करून पासवर्ड बदलला आणि सकाळी विसरलो. एक्सपीनंतर आलेल्या व्हिस्टापासून पुढे एलएम हॅश साठवणं बंद झालं आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातंही मुळातच डिसेबल असतं, त्यामुळे वरच्या या दोन युक्त्या चालत नाहीत. इन्स्टॉलेशन डिस्कवरून बूट करून लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बटणाने उघडणाऱ्या यूटिलमॅन या प्रोग्रॅमच्या जागी कमांड प्रॉम्प्ट बसवायचा आणि तिथून नेट यूजर या कमांडने नवा पासवर्ड ठेवायचा, हा जुना जुगाड मी केला, तिथे सी ड्राइव्हला डी म्हणतात त्यात अर्धा तास गेला, शेवटी आत शिरलो आणि क्रोममधले सगळे सेव्ह केलेले पासवर्ड गायब. काम झाल्यावर यूटिलमॅनची मूळ फाइल परत जागेवर ठेवायची, नाहीतर ते भोक सगळ्यांसाठी उघडं राहतं. आणि डिस्कवर बिटलॉकर (अख्खी डिस्कच एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) असेल तर रिकव्हरी की शिवाय यातलं काहीही होत नाही.

हे सगळं टाळायला एक्सपीतच एक सोय होती, पासवर्ड रीसेट डिस्क. तेव्हा फ्लॉपीवर, नंतर पेनड्राइव्हवर, त्यात यूजरकी नावाची एक छोटी फाइल बनते. एकदाच बनवायची, नंतर पासवर्ड दहा वेळा बदलला तरी तीच चालते, आणि या रस्त्याने रीसेट केलं तर एन्क्रिप्ट केलेलं काही जात नाही. ती बनवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ती ज्याच्या हाती लागेल त्याला आत येता येतं हेही खरं, म्हणून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही. मी स्वतः सरळ कागदावर लिहून ठेवतो, घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, लोक हसतात, हसू देत.

तर, डिस्क परत डेस्कटॉपमध्ये बसवली, उलटा नंबर टाकला, बाबांचं खातं उघडलं, जुना वॉलपेपर वगैरे सगळं तसंच. महत्त्वाचे फोल्डरवरची ती टिक काढली, हिरवी नावं काळी झाली. आत तीन वर्डच्या फाइल्स होत्या, दोन पत्रं आणि एक पासवर्ड नावाची. ती उघडली. व्यवस्थित टेबल केलेलं, डावीकडे कशाचा, उजवीकडे काय. पहिलीच ओळ, घरचा कंप्युटर, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, नेहमीचाच.