दिवाळं काढायचे ६८० पौंड

आपल्याकडे पैसे नाहीत हे इंग्लंडात कायदेशीर जाहीर करायला ६८० पौंड भरावे लागतात. पाऊण लाखाच्या घरात! त्यातले १३० अर्जाचे आणि ५५० डिपॉझिट, म्हणजे तुमचं दिवाळं सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा खर्च तुम्हीच आधी द्यायचा. हप्त्याने भरता येतात म्हणे, ५ पौंडांपासून, पण पूर्ण भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्याच्याकडे ६८० पडलेत तो कशाला जाईल हो तिथे? माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

आमच्याच घरात वरच्या खोलीत राहणारा पोरगा, सांगलीकडचा, डब्यांचा धंदा काढला, तो बसला, मग क्रेडिट कार्डांवर रेटत राहिला आणि आता वीसेक हजार पौंड अंगावर. त्याच्यासोबत मी फुकट कर्जसल्ला देतात तिथे गेले. तिथली बाई मात्र सोनं. 'झेपत नव्हतं तर घेतलंस कशाला' हे एकदाही नाही, आपल्याकडे सुरुवातच तिथून झाली असती. खर्चाची यादी करताना उलट तिनेच विचारलं, केस कापायचे पैसे धरलेत का? ६० दिवस बँकांचा तगादा आणि बहुतेक व्याज थांबवायची सोय पण तिनेच लावून दिली.

तिच्या मते त्याच्यासाठी डेट रिलीफ ऑर्डर, म्हणजे दिवाळं न काढता कर्जातून सुटायची सोय, बरी होती. कर्ज ५०,००० पौंडांच्या आत, महिन्याला ७५ पेक्षा जास्त उरत नाहीत, मालमत्ता २,००० च्या आत, की झालं, आणि एप्रिल २०२४ पासून ह्या ऑर्डरची ९० पौंडांची फी पण माफ. सगळं जुळत आलं आणि तिने विचारलं, जगात कुठेही जमीन आहे का?

आहे ना. सातबारा. वडील गेल्यावर वारसनोंदीने लागलेलं नाव, चुलते, आत्या, भाऊ सगळ्यांच्या ओळीत, ऊस उभा आहे, ह्याला त्यातला रुपया कधी दिसला नाही. पण ह्याच्या वाट्याची किंमत २,००० पौंडांच्या वर जाते, म्हणजे फुकटचा दरवाजा बंद, ६८० वाला उघडा. इथे मला राग येतो. सामाईक जमीन काय असते हे ह्यांना कोण सांगणार.

तरी आपल्याकडे काय मोठं आहे म्हणा. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात गरीब कर्जदारासाठी नव्याने सुरुवात करायची सोय लिहिलीय, कर्ज ३५,००० रुपयांच्या आत असेल तर, आणि सामान्य माणसासाठी ती लागूच केलेली नाही, मुंबईत अजून १९०९ चा कायदा. पण नड आली की चुलता, मामा, पतसंस्था कुणीतरी उभं राहतं, हेही खरंच. इथे कोण आहे? इथे वर्षभरात सुटका होते, सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर डाग राहतो, बस्स.

सध्या फीसाठी एकदोन धर्मादाय ट्रस्टना अर्ज टाकलेत. आणि गावाकडून रोज फोन, 'हक्कसोडपत्र करून दे, नाव कमी झालं की प्रश्न मिटला.' बाईने हे ऐकून हातच जोडले. दिवाळ्याआधी मालमत्ता फुकट कुणाच्या नावावर केली तर पाच वर्षं मागपर्यंतचे व्यवहार तपासतात, उलटवू शकतात, वर सुटका लांबू शकते ते वेगळंच. तेव्हा तुमचं कुणी इकडे अडकलं असेल तर कृपा करून फोनवर हा सल्ला देऊ नका.