मँडोचेलोच्या तारा: सगळं खर्जाच्या जोडीवर अडतं

मँडोचेलो म्हणजे मँडोलिनच्या घराण्यातलं खर्जाचं वाद्य, आठ तारा चार जोड्यांत. त्याच्या तारा मागवण्याआधी मी टेप काढली. नटाच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात) आतल्या कडेपासून बाराव्या पडद्यापर्यंत ३१७.५ मिलिमीटर भरलं. त्याची दुप्पट ६३५, म्हणजे तारेची वाजणारी लांबी पंचवीस इंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मँडोलिन ऑर्केस्ट्रांची लाट होती, तेव्हा गिब्सनने के-१, के-२, के-४ हे मँडोचेलो काढले. त्यांचं मापही याच्या जवळपासचं. आजचे काही कारागीर मात्र २७ इंची बनवतात, आणि सेटच्या पाकिटावर नुसतं ‘मँडोचेलो’ लिहिलेलं असतं. इथेच फसगत होते.

ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं दर इंची वजन, लांबीचा वर्ग आणि कंपनसंख्येचा वर्ग. लांबी २५ वरून २७ झाली की त्याच तारेला, त्याच सुरात सुमारे १७ टक्के जास्त ताण बसतो. माझ्या वाद्यावर सी-जी-डी-ए, म्हणजे चेलोचंच (व्हायोलिनच्या मोठ्या, खर्जाच्या भावंडाचं) ट्यूनिंग, मँडोलिनपेक्षा एक सप्तक आणि एक पंचम खाली. प्रचलित जाडी अशी: ए ०.०२२ इंच साधी पोलादी, डी ०.०३४, जी ०.०४८, सी ०.०७४, या तिन्ही वेटोळ्याच्या, म्हणजे गाभ्याच्या तारेवर दुसरी तार गुंडाळलेल्या. ए-च्या एका तारेवर साधारण १५ किलो ताण येतो, बाकीच्यांवर ११ ते १४ किलो. आठ तारांचे मिळून शंभर किलोच्या आसपास. २७ इंची वाद्यावर हाच सेट चढवला तर तो आकडा सव्वाशेकडे सरकतो आणि वाद्याची वरची लाकडी पाटी घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात तिच्याखाली) दबायला लागते. तिथे ए-ला ०.०२० घ्यावी, ताण परत १५ किलोच्या खाली येतो.

खरी गोची सी-ची, म्हणजे सगळ्यात खालच्या जोडीची. ६५.४ हर्ट्झ, आणि लांबी चेलोपेक्षाही कमी. ०.०७४ ऐवजी ०.०६४ लावली की ताण पाऊण पटीवर येतो. तार सैल लोंबते, जोरात छेडली की आधी सूर चढतो, मग खाली येतो, आणि पडद्यांवर आपटून खरखरते. तंबोऱ्याला जवारी हवी, इथे ती नको. उलट ०.०८० लावली तर तार इतकी ताठ होते की तिचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. आवाज मोठा येतो, पण सूर कुठला ते कळत नाही. ०.०७४ च्या आसपासच राहावं.

तयार सेट मिळाला नाही तेव्हा मी गिटारच्या सुट्या तारांवर भागवलं. ०.०७४ ची तार आठतारी इलेक्ट्रिक गिटारच्या जाड सेटमध्ये असते. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो. मँडोचेलोच्या टेलपीसला (तारांची मागची टोकं जिथे अडकतात त्या पट्टीला) मात्र फास लागतो. कटरने मणी आडवा धरून हळूहळू दाबायचा, तो तडकून गळतो आणि मागे तयार फास उरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि कटरची धार तारेला लागू द्यायची नाही. मण्याजवळचा दुहेरी पिळाचा जाड भाग दीड-दोन सेंटिमीटर असतो. तो घोडीवर येता कामा नये, आला तर ती तार तिथे निरुपयोगी. टेलपीस ते घोडी हे अंतर आधी मोजून घेतलेलं बरं.

घोडी फक्त तारांच्या दाबाने उभी असते. म्हणून पेन्सिलने तिच्या पायांच्या खुणा केल्या आणि एका वेळी एकच तार बदलली. सगळ्या तारा एकदम काढल्या की घोडी सरकते आणि पुढचे दोन तास तिलाच परत बसवण्यात जातात. सी-ची तार खुंटीच्या दांड्यावर दोन-अडीच वेढे पुरेत, ए-ला चार-पाच. जाड तार कापण्याआधी काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची, नाहीतर वेटोळं गाभ्यावरून सुटतं आणि नवी कोरी तार पहिल्या दिवसापासून मुकी होते. हा दोष वरून दिसत नाही, म्हणून लोक तारेच्या कंपनीला दोष देतात.

मग नट. ०.०७४ इंच म्हणजे १.८८ मिलिमीटर, खाच तेवढीच असेल तर तार चिमटते, खुंटी फिरवताना ‘टक्’ आवाज येतो आणि सूर उडी मारतो. बारीक कानसने बाजूंना जेमतेम ०.१ मिलिमीटर मोकळं केलं, तळाला हात लावला नाही. तळ खोल गेला की मोकळी तार पहिल्या पडद्यावर झणझणते. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं.

सुरात आणताना क्लिप ट्यूनर (वाद्याला चिमट्याने लावायचं सूर दाखवणारं यंत्र) ६५ हर्ट्झवर गोंधळतो. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (एक सप्तक वरचा उपस्वर) काढला की १३०.८ स्वच्छ दिसतो. जोडीतली एक तार बोटाने दाबून ठेवायची, दुसरी ट्यूनरवर लावायची, आणि मग पहिली कानाने, दोन्ही एकत्र वाजताना आवाजाचं डोलणं थांबेपर्यंत. छेड हलकी ठेवायची. जोरात छेडून लावलेली सी वाजवताना नेहमी उतरलेली वाटते.

धातूबद्दल माझं मत: फॉस्फर ब्राँझ पहिल्या आठवड्यात फार चकचकीत वाजतं, नंतर बरं बसतं. निकेलचं वेटोळं थोडं बंद, पण चाली वाजवताना जोड्या एकमेकींत मिसळत नाहीत. चपट्या वेटोळ्याच्या तारांवर बोटांची किरकिर जवळपास जाते. एकल वादनाला छान, साथीला मात्र आवाज दबतो. मुंबईच्या पावसाळ्यात ब्राँझ महिन्याभरात काळवंडतं, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारेच्या खालची बाजूही पुसावी लागते. त्याच काळात पाटी फुगून तारा वर उचलल्या जातात, तेव्हा घाईने कानस लावू नये, ऑक्टोबरात त्या आपोआप खाली येतात.

खर्ज चिखलासारखा वाटला तर आणखी एक तोड आहे: सी आणि जी जोडीतली एकेक तार सप्तक वर लावायची, सी-ला ०.०३६ वेटोळ्याची, जी-ला ०.०२२ साधी. स्वर लगेच उघडतो, पण बाखचे चेलो सुइट (एकट्या चेलोसाठीच्या रचना) वाजवताना खालची धून दुहेरी ऐकू येते. मी त्यासाठी परत एकाच सुरावर आलो.

हाताचंही सांगायला हवं, कारण सूर तिथेही जातो. सातव्या पडद्यापर्यंतचं अंतर मँडोलिनवर सुमारे ११७ मिलिमीटर, इथे २११. मँडोलिनसारखं एका बोटाला दोन पडदे दिले तर करंगळी पडद्याच्या मागे राहते आणि सी खरखरते. एका बोटाला एक पडदा, चेलोवाल्यांसारखं. पिक १.५ मिलिमीटरची, गोल टोकाची. पातळ पिक जाड जोडीवर आधी स्वतः वाकते आणि मग तारेला हलवते.

शेवटी बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर हार्मोनिकशी ताडून पाहिला. दाबलेला चढा असेल तर घोडी टेलपीसकडे सरकवायची. पण सी-ची जोडी जुनी झाली की एक तार चढी आणि दुसरी उतरलेली दाखवते, तेव्हा घोडीला हात न लावता आधी ती जोडी बदलायची.