डीव्हीडीवरून व्हीसीडी करताना हार्डडिस्कची जागा नेमकी जाते कुठे?

दुहेरी थराच्या डीव्हीडीत जास्तीत जास्त ८.५ जीबी मावतात. दोन तासांच्या व्हीसीडीची एमपेग फाइल (दाबून लहान केलेला व्हिडिओ) होते सव्वा जीबीची. दोन्हींची बेरीज दहाच्या आत, तरीही वीस-पंचवीस जीबी मोकळी असलेली डिस्क अर्ध्या वाटेत भरते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: मधल्या पायरीवर बनवलेली न दाबलेली (अनकंप्रेस्ड) एव्हीआय व्हिडिओ फाइल.

हिशेब करून बघा. ७२० बाय ५७६ चं एक चित्र, दर ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे मिनिटाला १.८७ जीबी आणि दोन तासांना सुमारे २२४ जीबी! आधी चित्र व्हीसीडीच्या ३५२ बाय २८८ मापात आणलं तरी ५५ जीबी लागतातच. त्यामुळे ही एव्हीआय बनवूच नये. डीव्हीडीटूएव्हीआय हा प्रोग्रॅम व्हीओबी (डीव्हीडीवरच्या चित्रपटाच्या) फाइली वाचून एक छोटी प्रोजेक्ट फाइल देतो. ती ॲव्हीसिंथ या प्रोग्रॅममार्फत एन्कोडरला (एमपेग बनवणाऱ्या प्रोग्रॅमला) जोडली की एकेक फ्रेम लागेल तशी थेट पुरवली जाते, डिस्कवर काहीच साठत नाही. एफएफएमपेग हा एन्कोडर वापरत असाल तर तेवढीही खटपट नको. ते व्हीओबी थेट वाचतं, आणि पाल-व्हीसीडी (pal-vcd) हे टार्गेट दिलं की बिटरेट (सेकंदाला किती डेटा ते), माप, आवाज सगळं आपोआप नियमात बसतं.

(हे सगळं घरगुती चित्रीकरणाच्या किंवा कॉपी रोखणारं कुलूप नसलेल्या डीव्हीडीबद्दल आहे.)

आता व्हीओबींकडे. डीव्हीडीच्या नियमानुसार एक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी नसते, म्हणून एकच चित्रपट पाच-सात तुकड्यांत दिसतो. ज्या फाइलच्या नावाचा शेवटचा आकडा शून्य असतो ती मेनूची, ती सोडा. १ पासून पुढच्या क्रमाने घ्या. हे तुकडे जोडून एक मोठी फाइल करायची सवय अनेकांना असते. त्याने जागा दुप्पट लागते, आणि डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीला गाडी अडते, कारण तिथे त्याहून मोठी फाइल बनतच नाही. प्रोग्रॅमला तुकड्यांची यादी दिली की पुरे. त्यातूनही मोठ्या फाइली हव्याच असतील तर ते पार्टिशन आधी एनटीएफएस करून घ्या.

आवाजाची फाइल लहान वाटते, पण ती न दाबता वेव्ह म्हणून काढली तर दोन तासांची १.३ जीबीची होते. डीव्हीडीवरचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा असतो आणि व्हीसीडीला ४४.१ लागतो. हा बदल वेव्ह काढतानाच करा. राहून गेला तर सीडी लिहिणारा प्रोग्रॅम फाइल नियमबाह्य ठरवतो आणि स्वतःच पुन्हा एन्कोड करायला घेतो. तेव्हा आणखी सव्वा जीबी जाते, तीही बऱ्याचदा सी ड्राइव्हवरच्या टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये, जिथे आपलं लक्षच नसतं. म्हणून काम सुरू करण्याआधी एन्कोडर आणि सीडी लिहिणारा प्रोग्रॅम, दोघांच्याही सेटिंगमध्ये जाऊन टेम्पचा पत्ता मोकळ्या ड्राइव्हवर वळवून ठेवा.

७०० एमबीच्या सीडीवर ७९० एमबीची एमपेग कशी मावते, हा प्रश्न नेहमी पडतो. डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये (सीडीवरच्या एका कप्प्यात) २०४८ बाइट असतात, बाकी जागा चूक-दुरुस्तीच्या माहितीला जाते. व्हीसीडीचा चित्रपट मोड २ फॉर्म २ या वेगळ्या पद्धतीने लिहिला जातो, तिथे ती दुरुस्ती गाळून सेक्टरला २३२४ बाइट मिळतात. म्हणून व्हीसीडीचं गणित एमबीत करू नका, मिनिटांत करा: ८० मिनिटांच्या सीडीवर ७९ मिनिटं धरून चाला. सेकंदाला ७५ सेक्टर जातात, म्हणजे विंडोज दाखवतं त्या मापात मिनिटाला जवळपास १० एमबी.

हाच आकडा तपासणीलाही कामी येतो. व्हीसीडीचा बिटरेट ठरलेला असतो, सेकंदाला चित्राचे ११५० आणि आवाजाचे २२४ किलोबिट. दृश्य शांत असो की धावपळीचं, मिनिटाला तेवढीच जागा. ५२ मिनिटांच्या भागाची फाइल ५१८ एमबीच्या आसपास हवी. ४०० भरली तर मधेच जागा संपून ती तुटलेली आहे, सुरुवात कितीही छान चालो.

दोन सीडींसाठी पूर्ण चित्रपट एन्कोड करून मग कापण्यापेक्षा दोन भाग वेगवेगळे एन्कोड करणं मला कधीही बरं वाटतं. कापताना तुकड्यांसाठी पुन्हा सव्वा जीबी लागते, आणि कापही मनाजोगत्या फ्रेमवर बसत नाही, आय-फ्रेमवरच (अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावरच) बसतो. वेगळे भाग केले तर एक बिघडला तरी तेवढाच पुन्हा करायचा.

एकूण जागा: व्हीओबी ७ ते ८ जीबी, वेव्ह १.३, एमपेग १.२५, आणि व्हीसीडीइमेजरसारख्या प्रोग्रॅमने बिन-क्यू इमेज (सीडीची हुबेहूब प्रत असलेली फाइल) बनवली तर आणखी १.२७. बारा जीबीत बसतं, पंधरा मोकळी ठेवा.

पुसण्याचा क्रम मात्र सांभाळा. एमपेगची लांबी तपासली की वेव्ह पुसा, मूळ डीव्हीडी हाताशी असेल तर व्हीओबीही. इमेज पुसायची ती सीडी लिहून झाल्यावर. एमपेग सर्वांत शेवटी, आणि तीही सीडी टीव्हीच्या प्लेअरमध्ये अखेरच्या मिनिटापर्यंत चालवून बघितल्यावरच. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे चित्रपटाचा शेवट बाहेरच्या कडेला येतो. खराब सीडी आणि बोटांचे डाग तिथेच नडतात, आणि सेक्टरमधली चूक-दुरुस्ती आपण आधीच गाळलेली असते. सीडीवरची डॅट फाइल (तिच्यातच चित्रपट असतो) परत कॉपी करून एमपेग मिळवू म्हणाल, तर एका ओरखड्यावरही कॉपी अडू शकते.