बत्तीसमधले शेवटचे तीन

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पाच आठवडे उरले होते. माझ्या सरावाच्या तक्त्यात त्या रविवारसमोर एकच आकडा होता: ३२ किलोमीटर. त्याच्या तीन आठवडे आधी मी २८ किलोमीटर ठरवून निघाले होते आणि तेविसाव्याला वरळी सी फेसच्या कठड्यावर बसले, ती उठलेच नाही. टॅक्सीने घरी आले. शिवाजी पार्क येईपर्यंत डोळे पुसत होते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच पूर्ण ४२.१९५ किलोमीटरचं नाव काढलं होतं आणि ते आपल्याला झेपणारं नाही, असं त्या टॅक्सीत पक्कं वाटलं.

नंतरचे दोन दिवस मी कुठे काय चुकलं हेच शोधत होते. सकाळी सहाला निघाले होते, म्हणजे शेवटचा सगळा टप्पा उन्हात. पहिले दहा किलोमीटर ग्रुपमधल्या तरुण मुलांच्या नादाने किलोमीटरला पावणेसात मिनिटांनी पळाले. मला झेपणारा पेस किलोमीटरला साडेसात मिनिटांचा. आणखी एक चूक ग्रुपमधल्या काकांनी फोनवर पकडली. ते त्रेसष्ट वर्षांचे आहेत आणि कितीतरी मॅरेथॉन पळालेत.

"ओआरएस कशात कालवलंस?"

"अर्ध्या लिटरच्या बाटलीत."

"अख्खं पाकीट?"

"हो."

"अगं, ते एक लिटरचं असतं! पाकिटावर लिहिलेलं असतं ना."

लिहिलेलं असतं, खरंच. मी दुप्पट दाट करून पीत होते. त्यानेच पोटात ढवळायला लागलं, म्हणून ते सोडलं आणि पुढे नुसतं साधं पाणी पीत राहिले. घामातून मीठ जात असतंच. वर भरमसाट साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. त्या दिवशी घरी येऊन काळा टी-शर्ट काढला तर पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले होते. मुंबईच्या दमट हवेत घाम नुसता गळतो, वाळत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही आणि घाम येतच राहतो. हे मला ऐकून माहीत होतं, पण त्या टी-शर्टकडे बघून कळलं.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम लिहिते. आपण पळायला निघताना पाणी कमी पितो, कारण पहाटे वाटेत जायचं कुठे? मीही तेच करत आले होते. या वेळी आदल्या शनिवारी स्कूटरवरून सगळा रस्ता फिरून आले आणि कुठल्या पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह पहाटे उघडं असतं ते विचारून ठेवलं. दोन जागा मिळाल्या. तेवढ्याने इतका धीर आला की त्या रात्री मला शांत झोप लागली.

रात्री वरणभात आणि बटाट्याची भाजी. पहाटे सव्वातीनला उठले तेव्हा सासूबाईंनी चहा टाकलेला होता. गूळ-तूप लावलेली अर्धी पोळी आणि एक केळं खाल्लं. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन चोपडलं. कमरेच्या पट्ट्यात दोन बाटल्या, आठ बिनबियांचे खजूर. चिक्की मागच्या वेळी नेली होती, पण तोंडाला कोरड पडली की ती चावता चावत नाही. निघताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सावकाश जा गं."

सव्वाचारला काका आणि मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून निघालो. आमचा रस्ता शिवाजी पार्क, सिद्धिविनायक, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोड, चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंटवरून परत, असा. जाऊन-येऊन २९च्या आसपास होतात. उरलेले तीन शिवाजी पार्कच्या फेऱ्यांनी भरायचे. काकांचा नियम पहिल्या मिनिटापासून लागू होता: सात मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. मला ते पटत नव्हतं. एवढ्यात कसलं चालायचं? काका म्हणाले, "दमल्यावर चालून उपयोग नाही. दमायच्या आधी चालायचं." आणि बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. धाप लागून वाक्य तुटलं की ते हात खाली करायचे, म्हणजे सावकाश.

प्रभादेवीला फुटपाथवर पेपरवाले गोल करून बसले होते. पुरवण्या आत सरकवायच्या, घडी मारायची, गठ्ठ्यावर टाकायची. हात यंत्रासारखे चालले होते. त्यातल्या एकाने मान वर न करताच "चला, चला ताई" म्हटलं. पहिले चौदा किलोमीटर असेच गेले. पेडर रोडचा चढ आम्ही छोटी पावलं टाकत चढलो, घड्याळाकडे न बघता. दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी दोन खजूर, दर दोन किलोमीटरला चार-पाच घोट ओआरएस, या वेळी बरोबर एका लिटरला एक पाकीट. सहाच्या सुमाराला नरिमन पॉइंटला पोचलो तेव्हा समुद्र अजून काळाच होता आणि मरीन ड्राइव्हच्या क्वीन्स नेकलेसचे दिवे चालू होते. मी काकांना म्हटलं, "आज बरं वाटतंय." ते काही बोलले नाहीत.

बरं वाटणं विसाव्या किलोमीटरपर्यंत टिकलं. परतताना केम्प्स कॉर्नरचा चढ संपवून हाजी अलीकडे उतरताना उजव्या पोटरीत काहीतरी ओढल्यासारखं झालं. सूर्य वर येत होता. वरळी सी फेसला वळलो आणि तेविसावा किलोमीटर आला. तोच कठडा. मी बसले होते ती जागा मला नेमकी आठवत होती, समोरच्या दिव्याच्या खांबासकट. पाय जड झाले. ते खरोखर जड झाले होते की त्या जागेने केले, हे मला आजही सांगता येणार नाही. पोटातून एकच गोष्ट वर येत होती: खाली बस. टॅक्सी मिळेल.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "दुखतंय की थकलीयस?"

हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. थांबून पोटरी दाबून पाहिली. एका जागी टोचणारी कळ नव्हती, टाच टेकवताना लंगडावं लागत नव्हतं. दोन्ही पाय सारखेच भरून आले होते. "थकलेय," मी म्हटलं. "मग चल. दुखलं असतं तर मीच टॅक्सी केली असती." नियम त्यांनी तिथेच बदलला. आता चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. मला चार मिनिटंही डोंगराएवढी वाटत होती, म्हणून मी दिव्याचे खांब मोजत गेले. दहा खांब पळायचं, मग पुढचे दहा. सी फेसचा तो कठडा संपला आणि प्रभादेवीकडे वळलो तेव्हा लक्षात आलं, की गेल्या वेळची जागा केव्हाच मागे पडली होती.

सिद्धिविनायकापाशी काका थांबले. त्यांचे ठरलेले २७ झाले होते, पुढे त्यांना बसने जायचं होतं. मला म्हणाले, "घर लागलं की आत वळू नकोस. तेवढं सांभाळ."

पार्कच्या कोपऱ्यावर आले तेव्हा घड्याळात २८.८ होते. आमची इमारत कट्ट्यासमोरच्या गल्लीत आहे. म्हणजे प्रत्येक फेरीत माझ्याच गेटसमोरून जायचं. पार्कची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त. अशा तीन. दूर नरिमन पॉइंटला असते तर परतण्यावाचून इलाजच नसतो, पाय आपोआप घराकडे चालतात. इथे घर पन्नास पावलांवर होतं आणि पाय त्याच्याकडे पाठ फिरवायला तयार नव्हते. मला वाटतं, सगळ्या ३२मधलं सर्वांत अवघड पाऊल ते गेट ओलांडून पुढे टाकलेलं होतं.

पहिली फेरी मी मान खाली घालून केली. मैदानात नेट लागली होती, पांढऱ्या कपड्यांतली पोरं आणि बॅटवर बॉल लागल्याचा तो कोरडा ठक्‌ आवाज. उद्यान गणेशाच्या देवळापाशी चालण्याचा मिनिट आला, तो मी घेतला. दुसऱ्या फेरीत कट्ट्यावर सासूबाई दिसल्या. रविवारी त्या मैत्रिणींबरोबर तिथे बसतात, पण या वेळी एकट्याच पुढे येऊन उभ्या होत्या, हातात स्टीलचा पेला. मीठ घातलेलं कोकम सरबत. मी चालत चालत चार घोट घेतले. जिभेला मीठ लागलं आणि अंगभर तरतरी आल्यासारखं वाटलं. इतक्या लवकर ते रक्तात उतरणं शक्य नाही हे मला माहीत आहे, पण वाटलं खरं.

"अजून किती?"

"दीड."

"मी इथेच आहे."

तिसऱ्या फेरीत पोटरीत गोळा येतोय असं दोनदा वाटलं. पावलं आणखी छोटी केली, हात सैल सोडले, श्वास नाकातोंडातून जसा येईल तसा येऊ दिला. गेट आलं. ओलांडलं. महाराजांच्या पुतळ्यापलीकडे घड्याळ थरथरलं आणि ३२ लागले. पुढची शंभर पावलं उगाचच पळत गेले, कारण थांबायचं कसं ते पायांना कळत नव्हतं. चार तास एकोणीस मिनिटं.

सासूबाई कट्ट्यावर होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि बुटाची नाडी सोडायला वाकले, तर वाकताच येईना. मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. त्या एकाहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात म्हणून घरात स्टुलावर बसून भाजी निवडतात. मी नको नको म्हणत असताना त्या कट्ट्याला हात धरून हळूच खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला आणि घामाने घट्ट बसलेली गाठ नखाने उकलायला लागल्या.

"ओली झालीय अगदी," त्या म्हणाल्या. "दुसरा पाय दे."